पटाशीचे आकडे

पटाशीला गोलाई जमत नाही.
दोन, तीन कोरायला गेलं की रेषा सोलत जाते,
आठाच्या शेपटाला तर फळी हमखास चिरते.
म्हणून दस्तगीर मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी,
टिंबर मार्केटात, करवतीच्या कलकलाटात
कानाला तोंड लावून सांगितलं :
उभा घाव म्हणजे एक.
दोन घाव, खाली चोच जुळवून, पाच.
फुली म्हणजे दहा.
बस्स. एवढ्यात अख्खं घर मोजून होतं.

तेव्हापासून तीस वर्षं
कुसवावर एक खूण, खाचेत तीच खूण,
मग हातोडा.
सांधा बसला की आकडा आत बुजतो.
मंगळवार पेठेत, कसबा बावड्यात, रुईकर कॉलनीत
कितीतरी दारांच्या पोटात
माझे सहा-सात अंधारात उभे आहेत,
दार लावणाऱ्याला पत्ता नाही.

परवा तनुजा पाचवीचं गणित घेऊन
भुशावरच बसली.
"पप्पा, हे रोमन आकडे."
मी म्हटलं, "हे दस्तगीरचाचांचे हायत."

ती नियम वाचत गेली.
एक चिन्ह ओळीनं चारदा लिहायचं नाही.
लहान डावीकडं आला तर वजा,
उजवीकडं आला तर बेरीज.
म्हणून चार म्हणजे IV.
मी म्हटलं, चार म्हणजे चार घाव, IIII.
पाचातनं एक काढत बसायची
मजुरी कोण देणार?
"मग नऊ कसा काढता?"
नवाला चाचा फुलीच्या आधी एक घाव घालायचे,
सहा घावांचं काम तिनात.
"मग चारालाबी तसंच की."
मला उत्तर सुचलं नाही. मी रंधा पुसत राहिलो.

नवाचं मात्र तिला सांगितलं.
बोर्डिंगच्या खिडक्या करत होतो, एकूण अकरा.
झडप उलटी धरली आणि IX चा XI झाला.
अकराव्या चौकटीत नववी झडप
दुपारपर्यंत तासत बसलो,
चाचा शांतपणे विडी ओढत बघत होते.
शेवटी म्हणाले, "आकड्याला पाय असतेत, बाबा.
आधी पाय बघ."
त्या दिवसापासून प्रत्येक खुणेच्या तळाशी
मी एक बारीक तिरका टवका काढतो.
तनुजानं तो वहीत उतरवून घेतला.
पुस्तकात नाही, तरीही.

मग बेरीज. सत्तावीस आणि सोळा.
आम्ही ढलप्या मांडल्या फरशीवर.
दोन फुल्या, एक चोच, दोन उभ्या.
शेजारी एक फुली, एक चोच, एक उभी.
"आता ढकला एकत्र."
दोन चोचींची एक फुली झाली,
फुल्या चार झाल्या, उभ्या तीन.
"चार फुल्या चालत नाहीत. पन्नासाला दहा कमी."
तिनं दोन ढलप्यांचा काटकोन केला,
आधी एक फुली ठेवली.
XLIII.
हातचा कुठंच घ्यावा लागला नाही.
सगळं फरशीवर, डोळ्यांसमोर.

शंभराचा C आणि पाचशेचा D
ढलप्यांनी होईनात.
मी म्हटलं, राहू दे,
आपण शंभराच्या पुढं कधी गेलोच नाही.

"आणि शून्य?"
"शून्य नव्हतंच त्यांच्याकडं."
असणार कसं. सगळी गोलाईच ती.
चाचा गेले त्या आठवड्यात
त्यांची राहिलेली उचल मालकानं वहीतनं खोडली,
पुढं काय लिहावं त्याला कळेना.
रकाना कोराच ठेवला.

आज चाचणीची वही आली.
सगळं बरोबर. एका ठिकाणी चार : IIII.
खाली तो तिरका टवकासुद्धा.
"विसरलीस?" 
ती काही बोलली नाही,
दप्तराचा बंद चावत राहिली.
कुरणे बाईंनी अर्धा मार्क कापला होता,
चार घावांभोवती
लाल शाईचा एक गोल.

बराच वेळ तो बघत होतो.
कुठं चिरलेला नाही, कुठं सोललेला नाही.
एका दमात, सफाईदार.