आडवा दांडा

इनासने जीपखालून डोकं बाहेर काढलं,
कपाळावरचं ग्रीस कोपराने आणखी पसरवलं
आणि विचारलं, "काडूं काय नाका?"

कुळ्याच्या फाटकापाशी मालगाडी उभी होती,
घाट चढायला मागून इंजिनं लागायची वाट बघत.
डबे मोजायचं निमित्त करून
मी उत्तर लांबवलं.
एकोणसाठ.

दांडा म्हणजे काय, अंगठ्याहून जरा जाड सळई,
दोन्ही टोकांना वाकवलेली, रेड्याच्या शिंगांसारखी.
पुढच्या दोन चाकांना
एकमेकांची खबर देत राहते.
डावं उचललं की उजव्यालाही वर ओढते.
वळणावर गाडी कलायला लागली
की स्वतःचं अंग पिळून घेते
आणि तिला सरळ धरते.
खर्च म्हणाल तर दोन रबरी बुश,
तेही चार वर्षांत एकदा.

सगुण म्हणतो, काढ.
सगुण धाकटा. ऑक्टोबर ते मे
दूधसागरच्या वाटेने तो नदीतून जातो,
मागे केशरी जॅकेटं घातलेली सात माणसं,
आणि कुठला धोंडा रात्रीत सरकला
हे आधी टायरला कळतं, मग त्याला.
"डावं चाक चढतं, दादा,
आणि उजवं लटकतं हवेत.
खाली जमीन असून!"
काल जेवताना दोनदा म्हणाला,
हातातला घास तसाच.
"खाली जमीन असून."

नदी बंद झाली की गाडी माझी.
अनमोडचा घाट. वर जाताना सुकी मासळी,
येताना बेळगावची भाजी, टपावर कोबीची पोती.
गेल्या श्रावणात एका वळणावर
ती पोती दरी बघायला निघाली होती.
तेव्हा पुढून, खालून,
करकर आवाज आला.
कुणी दात खाऊन ओझं पेलावं, तसा.
तो आवाज मी अजून कुणाला सांगितलेला नाही.
सगुणला तर नाहीच.

कर्ज दोघांच्या नावावर आहे.
हे इनासला सांगायचं नव्हतं. सांगून झालं.
त्याने पाना पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

मग त्याने नुसत्या दोन कड्या सोडल्या,
दांडा तारेने वर बांधला, म्हणाला, जाऊन या.

सगुण चालवत होता, मी मूठ धरून शेजारी.
पाण्यात डावं चाक चढलं
आणि उजवं खाली गेलं, आणखी खाली,
अंधारात पायरी शोधणाऱ्या पायासारखं,
आणि टेकलं.
डॅशबोर्डवर ठेवलेली विडी जागची हलली नाही.
सगुणने माझ्याकडे बघितलं नाही.
एवढं समजूतदार तो क्वचितच वागतो.

परत डांबरी रस्त्यावर, मोल्याच्या वळणावर
त्याने नेहमीच्या वेगात घातली.
गाडी कलली, कलतच राहिली,
बशीत चहा ओतावा तशी,
आणि माझा खांदा त्याच्या खांद्यावर जाऊन आदळला.
किती वर्षांनी.
विडी गेली खिडकीतून.
पुढचं वळण त्याने न सांगता हळू घेतलं.

"पिनी करून देतो," इनास म्हणाला,
"हाताने निघतील. नदीला काढा, घाटाला घाला."
आणि घालायला विसरलो तर?
इनासने आधी मला बघितलं, मग त्याला,
मग भिंतीवरच्या खिळ्याला.
"तें हांव कशें सांगूं?"

तेवढ्यात इंजिनं लागली. धक्का
डब्याडब्यातून पुढे सरकत गेला,
आणि गाडी हलली.

"अठ्ठावन्न," सगुण म्हणाला.
म्हणजे तोही मोजत होता.

"चूक. एकोणसाठ."