गूज

डोरीन हॅडवेचं दुकान म्हणजे तिचंच गॅरेज,
रॉक हॉलमध्ये रस्ता जिथं संपतो
आणि खेकड्यांचे पिंजरे सुरू होतात, तिथं.
काचेखाली ओळीनं मांडलेल्या... काय म्हणू ह्यांना?
शिट्टी नव्हे, बासरी नव्हे, पिपाणी तर नव्हेच.
तोंडात धरून फुंकायचं
आणि आभाळातल्या पाखराला खोटं सांगायचं,
एवढंच काम.

पाखरालाही मराठीत नीट नाव नाही.
हंस म्हणावं तर वर सरस्वती बसलेली दिसते,
बदक म्हणावं तर त्याचा अपमान.
एलवुड म्हणतो, गूज.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कान पुढे केला,
वाटलं, हा काहीतरी मनातलं सांगणार.

खिशात चाळीस डॉलर.
ब्रेकपॅड ह्या पगारात, टायर पुढच्या,
शर्वाणीच्या क्लॅरिनेटचं भाडं महिन्याला बावीस.
ॲक्रिलिकची एकशे पंचावन्नला, काळी, आत धूर कोंडल्यासारखी.
एलवुडकडे तीच आहे, मंगळसूत्रासारखी गळ्यात,
आंघोळीलासुद्धा काढत नाही म्हणे.
लाकडाची नव्वदला.
"लाकूड भिजतं, फुगतं, रुसतं," डोरीन म्हणाली,
"नव्या माणसानं रुसणारी वस्तू घेऊ नये."
मग खालच्या खणातून तिनं काढली
पॉलिकार्बोनेटची, हिरवट, वापरलेली,
कडेला कुणाच्या तरी दातांची खूण.
पंचवीस. नवी रीड हवी तर चार जास्त.
रीड नवी घेतली. दात जुनेच राहू दिले.

गाजराची पुंगी, म्हटलं. वाजली तर वाजली.
मोडून खाता मात्र येणार नव्हती.

आठवडाभर मी गाडीत बसून फुंकलो,
पोल्ट्रीच्या पार्किंगमध्ये, काचा वर करून.
आवाज यायचा तो
फुग्याची मान पिळल्यासारखा.
शर्वाणीनं दारातूनच ऐकलं.
"बाबा, गाल नाही, पोट.
आणि सरळ नका जाऊ, मध्येच मोडा."
आवाज मोडतो तिथं पक्षी असतो,
हे मला बारा वर्षांच्या पोरीनं सांगितलं,
तोंडात टोस्ट असताना.

डिसेंबर. मक्याचे खुंट, त्यांवर गोठलेलं दव.
खड्ड्यात आम्ही दोघं, वर गवताचं झाकण,
त्याचा थर्मास, माझा मेतकूट लावलेला ब्रेड.
उत्तरेकडून आले. आधी आवाज, मग रेघ.
एलवुडनं हनुवटीनं खुणावलं: तू.
मी फुंकलं.
मोडलं.
रेघ वाकली.

खरं सांगतो, बंदूक मी विसरलोच होतो.
एकोणतीस डॉलरांत
एवढं मोठं आभाळ माझ्याकडे वळत होतं,
पाय खाली सोडत, पंख रोखत,
माझ्या शब्दावर.

एलवुडनं दोन बार काढले.
एक पडला. बाकीचे उंच गेले, पाण्याकडे.
एक मात्र परत आला,
की आली; एलवुड म्हणाला, ह्यांची जोडी असते.
आमच्यावर घिरट्या घालत राहिली,
ओरडत,
आठवडाभर मला हुलकावणी देणारा तोच आवाज,
खालून सुरू होऊन
नेमका तिथंच मोडणारा.

"उत्तर दे," एलवुड पुटपुटला, "येईल खाली."

येणारच होती.
पुंगी ओठांवर होती, रीड ओली,
अंगठ्याला परक्या दातांची खूण लागत होती.
मी पोटातून श्वास घेतला
आणि तो माझ्याजवळच राहिला.

एलवुड काही बोलला नाही.
अर्धं मांस कागदात बांधून दिलं,
आम्ही त्याचा रस्सा केला, काळा मसाला घालून.
चांगला झाला. हेही सांगायला हवं.

हाडं बाजूला करता करता शर्वाणीनं विचारलं,
"वाजली का?"
"वाजली."
"मोडायची तिथं मोडली?"
"तिथंच."