काटा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागं
माझी खोली. भिंतींना सुंभाच्या चटया,
दारावर ट्रॉलरचं जुनं जाळं, चारपदरी.
डावा कान मी अकरा वर्षं
सहा सिलिंडरच्या इंजिनाशेजारी ठेवला.
तो तिथंच राहिला.

म्हणून मिक्सिंग मी डोळ्यांनी करतो.

भिवा चेंदवणकराचं गाणं परवा घाईत संपवलं.
पायपेटी, झांज, मधोमध त्याचा आवाज
दोन माइकांनी धरलेला.
उजव्या कानाला सगळं ठीक.
जत्रेत देवळासमोर एकच कर्णा होता.
झांज वाजली, पेटी वाजली,
गाणारा नाही.
लुगड्याच्या निऱ्या मुठीत धरून
भिवा आतून ओरडला,
"माजो आवाज खंय गेलो रे?"

रात्री येऊन मीटर उघडलं,
जे उघडायचं राहिलं होतं.
पडद्यावरचा हिरवा पुंजका
उभा असायचा, तो आडवा,
ओहोटीत कलंडलेल्या होडीसारखा.
खालचा काटा उणे एकला चिकटलेला.

खाडीच्या तोंडाशी हे पाहिलंय मी.
आतल्या पाण्याचा उंचवटा
बाहेरच्या पाण्याच्या खळग्यात नेमका बसतो
आणि हातभर जागा तेलासारखी गप्प.
नवखा तिथं वल्हं सोडून विडी पेटवतो.
बाबा म्हणायचे, थंय थांबा नको.

केबल उलगडली.
दोन नंबरची तार तीनवर. डाख माझ्याच हातचा.
बटण दाबलं, शून्यावर तिरकी रेघ असते ते.
पुंजका कुशीवरून उठला.

पूर्ण एकवर मात्र नेत नाही मी काटा.
तिथं सगळं एकाच दोरीवर येतं,
पेटी भिवाच्या छातीवर बसते,
झांजेला हात पसरायला जागा नाही.
एककडे झुकलेला, जरा थरथरता बरा.

भिवा सकाळी आला, काजळ अजून डोळ्यांत.
डोळे मिटून ऐकायला बसला.
म्हटलं, मिटू नकोस. बघ.
पायपेटीला हिरवं पसरायचं,
त्याच्या तानेला माडाच्या हिरासारखं
बारीक, सरळ.

"ह्यो मी?"
"तूच."
"बारीक झालंय."

मग माझ्या डाव्या बाजूनं
त्यानं अजून काहीतरी विचारलं असावं.
काट्यावरच्या काचेत
त्याचे ओठ हलताना दिसले.