काच निजली नाई

घाटंजीच्या कॉलेजात मे महिन्यात
भट्टी सहाशेवर. बाहेरही फार कमी नसावं.
चांदीचं आयोडाइड, फॉस्फेट,
मुशीत पिवळं पाणी.
ढोकेभाऊंनी पितळी पाट धरला, मी ओतलं,
त्यांनी दुसरा पाट वरून दाबला.
चर्र.
रांगेत उभं राहायला अणूंना वेळच दिला नाही.

जो तो होता तिथंच थिजला.
चांदी तेवढी हिंडते आत,
बाजार उठल्यावर
रिकाम्या पालांतून शिरणाऱ्या बकरीसारखी.

"गोठली ना बावा?"
गोठली.
पण परवा दुरून आलेख आला,
अगदी कमी ऊर्जेला, डाव्या कडेशी
एक उंचवटा.
पऱ्हाटीच्या सपाट वावरात
कुणी न टाकलेला मातीचा ढीग.
स्फटिकात तो नसतो. जुन्या सूत्रात बसत नाही.

एकटा अणू नाही, भाऊ,
पाच-पन्नास मिळून डुलतात, सावकाश.
कशापायी, यावर अजून भांडण आहे.

ते ऐकतात. दुपट्ट्याला हात पुसतात.
मग तळवा भिंतीला लावतात:
"जिनिंग होळीपासून बंद हाय.
भित हालतेच. पाहा."

मी हात ठेवला.
लाईट गेली, पंखा थांबत थांबत थांबला,
तरी काहीतरी होतं.
माझीच नाडी असेल.
"काच निजली नाई, सर," ते म्हणाले,
"डोये मिटून हाय नुसती."

उजेडात काळवंडते म्हणून
तुकडा काळ्या कागदात गुंडाळला,
डबीवर तारीख टाकली.
घामानं शाई पसरली.