सूर्यास्ताच्या आत सौदा

यार्डातून आलो तो नखांत हळद घेऊनच.
राजमती म्हणाली, हात धुवा, लॅपटॉपला डाग पडतील.
हळद धुवून जाते होय?
चाळीस वर्षं नाही गेली.

पडद्यावर मुंबई ते झ्युरिक, इस्तंबूलमार्गे,
माणशी एकावन्न हजार आठशे.
ती गॅस बारीक करून आली तोवर
चोपन्न दोनशे.
कोणी वाढवले?
कोणी नाही हो, आपोआप.

आपोआप भाव चढत नसतो, राजमती.
आमच्यात रुमालाखाली
एक हात असतो, दुसरा हात असतो.
करंगळी जरा जास्त दाबली की कळतं, याला माल हवाच आहे.
अंगठा थरथरला की कळतं, याला रोकड आजच पाहिजे.
इथं मी काचेवर बोट घासतोय
आणि पलीकडून कोणाचंच बोट लागत नाही.

इस्तंबूलला सात तास नुसतं बसायचं.
"बसू की. कऱ्हाडच्या स्टँडवर नाही का बसलो,
तुमच्या बहिणीच्या लग्नाला जाताना?
तेही डास मारत."

जेवणाच्या रकान्यात जैन जेवण निघालं!
दोघं हसलो,
परगावात आडनाव ओळखीचं निघावं तसे.
पण विमान पळणार पश्चिमेकडं, सूर्याच्या मागं.
मग दिवस मावळला तो कुठल्या गावचा धरायचा?
"खिडकीचा," ती म्हणाली.
आणि तिकडं म्हणे मे महिन्यात नऊपर्यंत उजेड असतो.
नऊपर्यंत!
सासूबाईंना सांगायला हवं होतं, एवढंच बोलली.

आडनाव. नाव.
मधल्या नावाला रकानाच नाही.
पासपोर्टवर भूपाल आदगोंडा.
आदगोंडा मगदूम मिरज जंक्शनच्या पुढं गेले ते एकदाच, शिखरजीला,
आणि वरचा बर्थ मिळाला होता
हे वर्षभर दुकानात सांगत होते.

कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललेलं. चार मिनिटं, नऊ सेकंद.
ऊन समोरच्या टाकीवर चढलेलं.
"दोन्ही एकत्र टाका की!"
टाकली. ओटीपी तिच्या फोनवर,
फोन देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला.
धावली.

तिकीट आलं. वाचून दाखवलं:
भूपालआदगोंडा मगदूम.
मधली मोकळी जागा त्यांनी काढून टाकलेली,
बाप कुठं संपतो ते कळू नये इतकी.
दुसऱ्यांदा वाचताना अडखळलो.

"सहा बेचाळीसला मावळतोय. भाकरी निवली."

जेवताना आठवलं, खिडकीचे पैसे वेगळे.
सतराशे, एका बाजूचे.
घ्यायची का?
ती काही बोलली नाही.
हात पुसायचा नॅपकिन माझ्या हातावर टाकला
आणि खालून
एक बोट दाबलं, घट्ट.

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.