विकतचं गवत

गोडोलीच्या घरामागं दीड गुंठा मोकळा.
निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी गुलाब सुचवले.
मी गवत लावलं.
नर्सरीतून, एकशे ऐंशीला एक कुंडी,
जांभळ्या शेपट्यांचं, फाउंटन ग्रास म्हणतात ते.
पाटणकर वकील कुंपणावरून म्हणाले,
म्हैस कधी आणताय?

श्रावण सरता सरता लव्हाळा माजला.
खुरपायला कोडोलीहून एक बाई आली.
हरळी, केना, गाजरगवत, सगळं ओळीनं काढत
जांभळ्या शेपट्यांपाशी थांबली.
"ह्ये बी उपटू?"
"नको. ते विकत आणलंय."
तिनं खुरपं खाली ठेवलं,
पदर तोंडाला लावून पोटभर हसली.
"चाळीस वर्सं गवात काढायचं पैसं घेती,
लावायला पैसं मोजणारं तुमीच पयलं."
नाव विचारलं.
नकुसा.
मी पाणी आणायला आत गेलो.

पुढच्या सोमवारी ओल्या पोत्यात गुंडाळून
यवतेश्वरच्या उतारावरचा एक ठोंब घेऊन आली.
मुळांना जांभ्याचा लाल चिखल.
"पाणी लई घालू नगा. लाडानं मरतंय."

झाडांना पत्र्याच्या पाट्या करायची मला खोड,
तीस वर्षं फळ्यावर त्रिकोणांना नावं दिली, त्यातली.
विचारलं, याला काय म्हणतात?
"गवातच की.
बैल खातंय म्हून चांगलं,
कुसळं टोचत्यात म्हून वाईट."

मार्गशीर्षात विकतचं आडवं झालं.
हे उभं, तांबूस, कमरेएवढं;
पाचच्या उन्हात अजिंक्यताऱ्याकडून वारा सुटला
की सगळं एकदम एका अंगाला कलतं,
शेवटच्या तासाला घंटेच्या जरा आधी
अख्खा वर्ग दाराकडं कलायचा, तसं.
वकील हल्ली कुंपणाशी उगाच उभे असतात.
म्हशीचं काढत नाहीत.

काल काम उरकून ती पायरीवर बसली,
लुगड्याच्या काठात रुतलेली कुसळं
एक एक करून उपसत.
टाकत नव्हती.
पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत होती.
"दारात जागा आहे का तुझ्या?"
"तेलाचा डबा हाय की रिकामा."

पाटी अजून कोरीच.
तशीही आता दिसत नाही,
गवत तिच्या वरून गेलंय.