पिर्क

सुवाल्कीच्या बाजारात मी कोवळी, गुबगुबीत कोंबडी मागितली
तर यादविगाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
जसे शाळेत गणिताचे मास्तर पाहायचे.
"सुपाला म्हातारी लागते," त्या म्हणाल्या,
"अंडी घालून घालून कंटाळलेली.
कोवळीचं नुसतं पाणी होतं."
आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, पायांसकट:
पिवळे, खवल्याखवल्यांचे,
नखं तेवढी छाटलेले पाय.

"पाय आणलेस?" आतल्या खोलीतून आई.
आणले.
"गार पाण्यात टाकलंस ना सगळं? गारच हवं."
टाकलं.

तीन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात
आईचा वास गेला. कॉफी, साबण, ओलं लोकरीचं जाकीट,
सगळ्याचं उत्तर एकच: काही नाही.
चवही मागोमाग गेली.
जीभ म्हणजे नाकाची मोलकरीण, ती म्हणते,
मालकीण गेल्यावर ती कशाला थांबेल?
कान मात्र शाबूत.
एकतीस वर्षं प्लायवुडच्या कारखान्यात होती,
यंत्र बिघडायच्या दोन दिवस आधीच
हिला ऐकू यायचं म्हणे.

फेस वर येतो. मळकट, राखाडी,
मार्चमधल्या फूटपाथवरच्या बर्फासारखा.
झाऱ्यानं काढते, पुन्हा येतो,
काढते, थोडा कमी येतो.
मग गाजरं, लीक, सेलरीचा गड्डा,
तमालपत्राची दोन पानं, कबाबचिनीचे चार दाणे.
कांदा सालासकट अर्धा चिरून थेट आचेवर.
"करपव. घाबरू नकोस. रंग तिथूनच येतो."
करपवला. घरभर धूर झाला,
बाल्कनीचं दार किलकिलं केलं,
वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"कसा येतोय वास?"

आता हे कसं सांगायचं.
गोडसर, म्हटलं. जळका, पण गोडसर.
म्हणजे शेकोटी विझल्यावर...
नाही, तसाही नाही.
बाबा तळ्यावरून मासे धरून परत यायचे ना,
त्यांच्या कोटाच्या बाहीसारखा.
आई काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आच कमी कर. रटरटतंय."

कमी केली.
"अजून."
अजून कमी केली.
"आता ऐक. उकळायचं नाही त्यानं.
एकदा म्हणायचं, पिर्क.
मग विसरून जायचं.
मग आठवल्यासारखं पुन्हा, पिर्क."

चार तास.
खिडकीबाहेर दुपारी तीनलाच अंधारलं.
मी ओट्याशी खुर्ची ओढून बसले,
तवंगाचे गोल गोल डोळे बघत,
दोन जवळ येतात, एक होतात,
आणि माझे कधी मिटले कळलंच नाही.

"ब्रोन्का."
"ब्रोन्का, थांबलंय."

काय थांबलंय?
पातेलं गप्प. दार तसंच किलकिलं,
वाऱ्यानं बर्नर विझलेला
आणि त्याच्या गोल तोंडातून बारीक फुसफुस.
वास मला आता आला,
घसा धरणारा, सडक्या कोबीसारखा.
तिला तर तो कधीच येणार नव्हता.

गॅस बंद केला. दारं सताड उघडली.
उणे चौदा अंशांतली हवा घरात आली
आणि आम्ही दोघी तिच्या पलंगावर
एका रजईत, दातावर दात वाजवत,
कुणीच काही न बोलता.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"पेटव की परत. अजून तासभर हवाय त्याला."

रात्री गाळलं, बरण्यांत भरलं,
कोमट झाल्यावर बाल्कनीत ठेवलं.
सकाळी वर चरबीचा पिवळा थर,
तो काढला तर खाली मधाच्या रंगाची थरथर.
बरणी आईच्या हातात दिली.
तिनं नाकाशी नेली, सवयीनं,
मग कानाशी नेऊन हलवली,
मग सरळ बोट खुपसलं.
थलथललं, आणि परत जागच्या जागी आलं.

"पायांमुळे," ती म्हणाली,
आणि बोट चाटलं,
उगाचच.